बोलंल गं, घाई काय

पाणी हवं असलं की सई माझं मनगट धरायची. मला ओढत फिल्टरपाशी न्यायची, माझा पंजा उचलून तोटीवर ठेवायची आणि तोटीकडे बघत उभी राहायची. पेला भरला की प्यायची, रिकामा पेला फरशीवर ठेवून निघून जायची. मला याचं फार कौतुक होतं. पावणेदोन वर्षांचं पोर, तोंडात एक शब्द नाही, पण काम बरोबर करून घेतं, असं मी आल्यागेल्याला हसत सांगायचे. दिवाळीत नणंद भाऊबीजेला आल्या होत्या. ताई जुन्नर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत, दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हाताखालून गेलीत. त्या ओट्याशेजारी फतकल घालून मेथी निवडत होत्या. सईनं मला नेलं, पाणी प्यायली, गेली. ताईंनी जुडीतली पिवळी पानं बाजूला काढली आणि खालमानेनंच म्हणाल्या, "वहिनी, पाणी मागताना ती तुमच्याकडं बघत नाही. तुमच्या हाताकडं बघते."

मग मेथीत माती फार आहे, तीनदा धुवा, असं काहीतरी म्हणाल्या.

ते वाक्य डोक्यातून जाईना. आम्ही धानोरीत राहतो. लोहगावचा विमानतळ आणि हवाई दलाचा तळ इतका जवळ, की सुखोई उडालं की खिडकीच्या काचा थरथरतात आणि फोनवर बोलणारा माणूस आपोआप थांबतो. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत विमान आलं की घसरगुंडीवरची, झोक्यावरची, वाळूतली सगळी पोरं एकदम हात वर करतात. ज्यांना अजून नीट चालता येत नाही तीसुद्धा आईच्या कडेवरून बोट दाखवतात आणि मग आईकडे बघतात, तिनं पाहिलं की नाही याची खात्री करायला. सई दचकायची, कानांवर हात ठेवायची, मान वर करून विमान दिसेनासं होईपर्यंत बघायची. बोट मात्र वर जायचं नाही. हे मी इतके महिने बघतच होते, त्यात काही बघण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. आता प्रत्येक विमानाला माझी नजर आधी तिच्या हाताकडे जायला लागली. ताईंना फोनवर विचारलं तर त्या म्हणाल्या, बोट दोन तऱ्हेचं असतं. बिस्किटाचा डबा काढून दे म्हणून दाखवलेलं एक, आणि काही नकोय, नुसतं 'ते बघ की' म्हणून दाखवलेलं दुसरं. "आम्ही शब्द मागाहून विचारतो, वहिनी. आधी बोट विचारतो."

घरात अशी गोष्ट लपत नाही. सासूबाईंनी गावाहून निकाल दिला, "बोलंल गं, घाई काय. तुझा नवरा अडीच वर्षं गप होता. आता गप बस म्हणलं तरी बसतोय का?" माझी आई नाशिकला असते, तिची तऱ्हा उलटी. मुली लवकर बोलतात, तू तर दहाव्या महिन्यातच सुरू झाली होतीस, मग हिलाच काय झालं, असं म्हणून ती फोनवरच रडवेली व्हायची आणि तिची समजूत मलाच काढावी लागायची. शेजारच्या काकूंच्या दिराचा मुलगा चार वर्षांचा होईतो चकार शब्द बोलला नव्हता, आज हिंजवडीत टीम लीडर आहे. ऑफिसातल्या एकीनं पोपटानं टोचलेला पेरू शोधायला सांगितला. दुसरीनं वेखंड मधात उगाळून जिभेवर लावायला सांगितलं. तिसरीला खात्री होती की जीभ खाली चिकटलेली असणार, छोटी चीर दिली की झालं. (डॉक्टरांनी नंतर जीभ पाहिली. चांगली ओठाबाहेर येत होती. आणि चिकटलेल्या जिभेनं उच्चार थोडे अडू शकतात, शब्दच न येण्याचं कारण सहसा ते नसतं, असंही म्हणाले.) आणि आइनस्टाइन. हा गृहस्थ उशिरा बोलायला लागला होता हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे! सापेक्षतेचा सिद्धांत सांगा म्हटलं तर पळतील, पण न बोलणारं मूल दिसलं की प्रत्येकाला तो आठवतो.

मला या सगळ्यांचा राग आला असं नाही. धीर द्यायला माणसं लागतातच, आणि खरं सांगायचं तर त्या काळात मी असल्या गोष्टी गोळा करत होते. हिंजवडीचा टीम लीडर मी स्वतः आणखी दोघींना सांगितला. पण हळूहळू एक गोष्ट खुपायला लागली. या सगळ्या कहाण्यांचा शेवट गोडच कसा? जी मुलं पुढे बोललीच नाहीत त्यांची गोष्ट कुणी का सांगत नाही? ती माणसं आपल्या ओळखीत नसतातच, की असतात आणि अशा वेळी आपण त्यांना मोजत नाही?

आमच्या घरात होती. सासऱ्यांचे चुलतभाऊ, अण्णा. लग्न होऊन मी गावी गेले तेव्हा पडवीत बाजेवर बसलेले असायचे. दिवसभर गुरांमागे असत, संध्याकाळी दावणीला वैरण टाकून आले की चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायचे. गाव त्यांना सरळ मुका म्हणायचं, तोंडावर. त्यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं, त्यांना तर नाहीच, कारण त्यांना ते कळत नव्हतं. जत्रेत ढोल वाजायला लागला की अण्णा पुढे जाऊन पानाला तळहात टेकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पोरं हसायची. माझ्या सासूबाई गावातल्या सगळ्या उशिरा बोललेल्या मुलांची नावं सांगत होत्या, त्यांत अण्णांचं नाव एकदाही आलं नाही.

संक्रांतीला गावी गेलो. सईचं बोरन्हाण करायचं होतं. हलव्याचे दागिने घालून तिला पाटावर बसवलं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या पडल्या आणि आळीतली पोरं तुटून पडली. तिनं कान झाकून घेतले आणि पायापाशी पडलेलं एक बोर उचलून ते फिरवून फिरवून बघत बसली. बायका म्हणाल्या, किती शहाणी, रडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गाडी काढायला लावली. आळेफाट्याशेजारी आळे गाव आहे, तिथं रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा, परतीच्या वाटेवर इथं गेला आणि भावंडांनी त्याला इथंच समाधी दिली, अशी श्रद्धा आहे. नाशिकला माहेरी जाताना फाट्यावरून मी असंख्य वेळा गेले असेन, चहासाठी थांबले असेन, पण आत कधी वळले नव्हते. सासूबाईंनी सईचं कपाळ समाधीवर टेकवलं. डोळे मिटून काही पुटपुटल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माउली, रेड्याला बोलतं केलंस, माझी नात तर माणसाचं लेकरू आहे."

मी नास्तिक म्हणवते तरी हात जोडले. मनापासून जोडले. आणि त्याच क्षणी एक वेडा विचार आला की माउलींनी मस्तकावर हात ठेवला तेव्हा त्या रेड्याला निदान ऐकू तरी येत असणार.

त्या रात्री चुलीपाशी ताईंकडे अण्णांचा विषय मीच काढला. ताई निखाऱ्यांवर राख ओढत म्हणाल्या, "अण्णा मुका नव्हता, वहिनी. बहिरा होता. जिभेला काय धाड भरली होती त्याच्या? बैल उधळला की केवढा ओरडायचा. ऐकलंच नाही तर बोलणार कुठनं?" त्यांना हे अंगणवाडीच्या प्रशिक्षणात कळलं होतं, तोवर अण्णा पन्नाशीपार गेले होते. वांद्र्याची अली यावर जंग संस्था, जिथं आज वाचा-श्रवणाचे तज्ज्ञ तयार होतात, ती निघाली १९८३ साली. अण्णा तेव्हाच चाळिशीला आले होते. आता मूल जन्मल्यापासून महिन्याभरात कान तपासावेत, तीन महिन्यांच्या आत निदान व्हावं आणि सहा महिन्यांच्या आत यंत्र, उपचार सुरू व्हावेत, असा दंडक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी २०१३ पासून सुरू झालेल्या योजनेत वर्षातून दोनदा ताईंच्या अंगणवाडीच्या दारात येते, त्यातले डॉक्टर वजन-उंचीबरोबर विकासही तपासतात आणि शंका आली तर जिल्ह्याच्या केंद्राकडे चिठ्ठी देतात. ताई म्हणाल्या, गावातली पोरं निदान आमच्या वहीत तरी येतात. तुमच्या फ्लॅटमधल्या पोरांची वही कोण ठेवतं?

सईच्या जन्माच्या फायलीत श्रवणचाचणीची चिठ्ठी होती. दोन्ही कानांपुढे 'पास' लिहिलेलं. त्या कागदावर माझी भिस्त होती, शिवाय सुखोईला दचकते म्हणजे ऐकू येतंच. वाचातज्ज्ञ बाईंनी दोन्ही ऐकून घेतलं. जन्मावेळी पास झालेले कान पुढे तसेच राहतात असं नाही, म्हणाल्या, आणि सुखोई काय, बहिऱ्या माणसालाही छातीत जाणवतं. बोलणं ऐकायला स, फ, त असे बारीक आवाज ऐकू यावे लागतात. त्यांनी बेरा चाचणी लिहून दिली, कानात पडलेला आवाज मेंदूच्या वाटेवर पोचतो का ते वायरी लावून बघतात ती.

त्या चाचणीसाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. पहाटे उठवा, वाटेत डुलकी लागू देऊ नका, तिथं आलं की औषध देऊन झोपवू, अशी सूचना होती. फेब्रुवारीतली थंडी होती, रिक्षात मी तिला उभी धरून गालाला गार हात लावत होते, ती चिडून हात झटकत होती. रुग्णालयातल्या त्या लांबट खोलीत भिंतीला लागून बाकडी, पडदे ओढलेले, दिवे बंद. एकेका बाकड्यावर एकेक आई, मांडीवर मूल. सगळ्यांना सकाळपासून जागं ठेवलेलं आणि आता सगळ्यांना झोपवायचं होतं. औषधाचा गोडूस-कडू वास, कुणाच्या तरी टोपलीतल्या पोळी-भाजीचा वास, फिनेल. आणि आवाज. खोलीभर आया गात होत्या. धाराशिवकडची एक बाई ओवीच्या चालीत काहीतरी घोळवत होती, पलीकडे कानडीत हेल चालला होता, दाराजवळची मुलगी, जेमतेम विशीची असेल, मोबाइलवरच्या हिंदी गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती. मीही गात होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की ऐकू येतं की नाही हे बघायला आणलेल्या मुलांना आम्ही सगळ्या अंगाई म्हणतोय. कुणीही थांबत नव्हतं. धाराशिवच्या बाईचं मूल तर आधीच्या चाचणीत काही ऐकत नाही असं निघालं होतं, हे तिनंच मला मघाशी सांगितलं होतं, आणि खात्रीसाठी आज पुन्हा बोलावलं होतं. ती सगळ्यांत सुरेल गात होती. तिचं पोरगं तिच्या छातीला गाल लावून झोपलं. कुठल्याही आईचं बाळ जसं झोपतं तसंच.

आत सईच्या कपाळाला आणि कानांमागे चिकट लेप लावून वायरी चिकटवल्या, कानांत इवले स्पीकर बसवले. टकटक असा आवाज तिच्या कानात जात होता, आम्हाला ऐकू येत नव्हता. पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा उमटत होत्या. तंत्रज्ञ मुलगी आवाज कमी कमी करत गेली आणि प्रत्येक वेळी रेघेतल्या एका उंचवट्यावर खूण करत गेली. ती पाचवी लाट, म्हणाली. ती जिथपर्यंत दिसते तिथपर्यंत ऐकू येतं. तीस डेसिबलला येऊनही तो उंचवटा जागेवर होता. "कान चांगले आहेत, ताई."

मी बाहेर आले तेव्हा धाराशिवची बाई आत जायला उठली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिला काय कळायचं ते कळलं असावं, ती हसली. मला माझ्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव कुठे लपवावा ते कळेना. आणि जिना उतरेपर्यंत ती सुटकाही विरून गेली. कान चांगले असतील तर मग दुसरं काय? अण्णांसारखं नाही हे ठरलं, पण अण्णांचं निदान कारण सांगता आलं असतं.

पुढचे महिने याच प्रश्नाचे. मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांकडे स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, शंका चाळून बघणारी एक छापील प्रश्नावली भरायला दिली, वीस प्रश्नांची, सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी. सातव्या प्रश्नाशी मी अडखळले. मूल तुम्हाला काही गंमत दाखवायला बोट करतं का, आणि पुढे उदाहरण होतं आकाशातल्या विमानाचं. धानोरीत बसून भरायचा फॉर्म! नवऱ्यानं पेन माझ्या हातातून घेतलं आणि 'नाही'ला गोल केला. त्याला हे सोपं गेलं असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर पार्किंगमध्ये गाडीची किल्ली त्याला सापडेना, खिशातच होती. डॉक्टरांनी सगळं वाचलं, सईशी अर्धा तास ठोकळे खेळल्या आणि एवढ्या लहान वयात मी निदानाचा शिक्का मारणार नाही, पण शिक्क्यासाठी थांबायचंही नाही, उद्यापासून थेरपी सुरू करा, म्हणाल्या. रात्री जागून मी वाचलेलं होतं की दोन वर्षांना पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडी यावी, आणि अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२२ साली आपली यादी बदलली तेव्हा ते पन्नास शब्द अडीच वर्षांच्या रकान्यात गेले. मला त्यात सहा महिन्यांची मुदतवाढ दिसली होती. डॉक्टर म्हणाल्या, ती यादी मुदत द्यायला बदललेली नाही. चारातल्या तिघांना जे जमतंच तेच त्यांनी त्या वयात ठेवलंय. म्हणजे तिथं अडलं तर आता वाट बघू नका, असा त्याचा अर्थ.

थेरपीची खोली पाहून मी थोडी निराश झाले होते. काहीतरी यंत्रं असतील असं वाटलं होतं. तिथं होती एक सतरंजी, प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे डबे, साबणाचे फुगे, एक चेंडू आणि सईएवढ्याच उंचीवर येऊन पालथ्या पडून बोलणाऱ्या एक बाई. "तिला समजतं सगळं, फक्त बोलत नाही," असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी हात पाठीमागे बांधले, दाराकडे न बघता म्हणाल्या, "सई, बूट आण." सई जागची हलली नाही. मग मला सांगितलं, तुम्ही घरी सांगता तसं सांगा. मी बूट आण म्हणताना दाराकडे हात केला, मान वळवली, अर्धी उठलेच. सई जाऊन बूट घेऊन आली. बाई काही बोलल्या नाहीत, वहीत लिहिलं. मला तेव्हा राग आला होता, बाईंचा की त्या बुटांचा, कोण जाणे.

त्यांनी शिकवलेलं सगळं दिसायला किरकोळ. हे काय, ते काय, बोल ना, असे प्रश्न बंद. ती बघत असेल त्याचं नाव आपण घ्यायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड असतं हो! मनात दहा मोजेपर्यंत थांबायचं, आपल्या घरात दोन सेकंद कुणी थांबत नाही. बिस्किटाचा पुडा न देता एकच तुकडा द्यायचा, म्हणजे दुसऱ्या तुकड्यासाठी तिला आपल्याकडे यावं लागेल. डब्याचं झाकण घट्ट लावून डबाच तिच्या हातात द्यायचा. बडबडगीत म्हणताना ओळीचा शेवटचा शब्द सोडून द्यायचा आणि तिच्याकडे बघायचं. आणि मनगट धरून ओढलं तर जायचं, पण तोटी लगेच सोडायची नाही. खाली बसायचं, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणायचा. ती माझ्या खांद्यावरून फिल्टरकडे बघायची, मी सरकायचे, ती दुसऱ्या खांद्यावरून बघायची. आमचं हे नृत्य बघून सासूबाई म्हणाल्या, "पोरीला पाण्यावाचून मारणार का तुम्ही?"

मोबाइलचं काय, हे विचारल्याशिवाय कुणी राहत नाही, म्हणून सांगते. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते आणि ते मला पटतं. पडदा चालू असला की घरातली माणसं बोलायची थांबतात, हे आमच्याही घरात दिसतं. पण स्वतः डाव्या हातात फोन धरून उजव्या हाताचं बोट माझ्यापुढे नाचवणाऱ्या पुरुषांचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही. अण्णांच्या लहानपणी गावात रेडिओसुद्धा नव्हता.

भाषेचाही घोळ झाला. एका प्लेग्रुपच्या बाईंनी सांगितलं की घरी मराठी, पाळणाघरात हिंदी, गाण्यांत इंग्रजी, मूल गोंधळून गेलंय, पुढे शाळा इंग्रजीच आहे तर घरीही इंग्रजी करून टाका. आठवडाभर आम्ही 'वॉटर, वॉटर' करत फिरलो आणि सासूबाई नातीशी बोलायच्याच बंद झाल्या, त्यांना येईना. थेरपीच्या बाईंनी हे ऐकून कपाळावर हात मारला. दोन भाषांनी बोलणं खुंटत नाही, शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे, भू-भू आणि हम्मासुद्धा शब्दच धरायचे. जी भाषा तुमच्या तोंडात सहज येते, जिच्यात तुम्ही रागावता, लाड करता, तीच बोला. आजी घरात आहे आणि तुम्ही आजीचं तोंड बंद करताय? सासूबाईंना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्या दुपारी त्या सईला पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसल्या आणि तासभर एका शेंगेबद्दल बोलत होत्या. वर मला ऐकवलं, "त्या बाईला अक्कल आहे. किती घेती गं?"

फी मी सांगितली नाही.

आता सई सव्वातीन वर्षांची आहे. बोट आलं, ते कधी आलं ते मला नेमकं सांगता येणार नाही, कारण पहिल्यांदा ते आजीला दाखवलं गेलं, भिंतीवरच्या पालीकडे, आणि आजीनं पालीला हाकलण्याच्या गडबडीत त्याची नोंद केली नाही. शब्द येतायत. मागच्या महिन्यात होते त्यांतले काही या महिन्यात दिसत नाहीत, नवे दिसतात. वाक्य नाही. शिक्का मारायचा की नाही, तो कोणता, हे डॉक्टर पुढच्या भेटीत बघू म्हणतात आणि मी प्रत्येक भेटीआधी ठरवते की या वेळी स्पष्ट विचारायचं. सगळ्यांत ठणठणीत शब्द आहे 'नको'. तो सगळ्याला लागू आहे. भात नको, आंघोळ नको, आजीचं वेखंड नको. थेरपीच्या बाई खूश आहेत, कारण 'नको' म्हणायला समोर कुणीतरी आहे हे कळावं लागतं. घरातले बाकीचे तेवढे खूश नाहीत.

परवा नारायणगावला नात्यातलं लग्न होतं. जेवणाच्या मांडवात पंगतीच्या कडेला एक तरुण मुलगी दीड-पावणेदोन वर्षांचा मुलगा घेऊन उभी होती. मुलगा तिचं मनगट धरून तिला पाण्याच्या जारकडे ओढत होता. मी पाहिलं आणि न बघितल्यासारखं करून मठ्ठा घेतला. पुन्हा पाहिलं. ताई माझ्या शेजारीच होत्या, त्यांनी एक भुवई वर केली, एवढंच. मग मी उठून गेले. आधी साडीबद्दल बोलले, मग मुलाचं नाव विचारलं, आणि मग शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाले, याचे कान एकदा तपासून घ्या, काही नसेलही, पण घ्या. मुलीचा चेहरा उतरला. तिनं मुलाला उचलून कडेवर घेतलं. तिच्या सासूबाई मागेच होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं सगळे उशिरानंच बोलतात. तुम्ही आधी तुमच्या पोरीचं बघा." त्यांना सईबद्दल कुणी सांगितलं असावं, लग्नात सगळ्यांना सगळं माहीत असतं. मी "बरं" म्हणाले, दुसरं काय म्हणणार. जागेवर येऊन बसते तो पाटावरून सईनं वाढप्याच्या जिलबीच्या ताटाखाली दोन्ही हात आडवे धरले होते आणि सबंध पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडत होती, "नको! नको! नको!", आणि ताई त्या वाढप्याला सांगत होत्या, "अहो दोन वाढा तिला, तिला पाहिजे आहे ते असंच मागते ती."